मुंबईच्या खाऱ्या हवेत मोटरसायकल गंजू नये म्हणून

मुंबईत नव्या मोटरसायकलवर पहिला तांबूस ठिपका बहुतेक वेळा साडी गार्डवर दिसतो, नाहीतर लेग गार्डच्या खालच्या वाकावर. या दोन्ही वस्तू वरून बसवलेल्या असतात. त्यांच्यावरचा क्रोमचा मुलामा पातळ असतो आणि क्लॅम्प आवळताना तो हमखास खरवडला जातो. तिथला गंज दिसायला वाईट, पण त्याने गाडीचं काही अडत नाही. अडतं ते न दिसणाऱ्या गंजाने: चेनच्या कड्यांत, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या नळीवर, ब्रेकच्या पिनवर, टाकीच्या तळाशी. ज्यांनी नुकतीच पहिली गाडी घेतली आहे आणि जी रोज बिल्डिंगखाली किंवा स्टेशनबाहेर उघड्यावर उभी राहते, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

थंडीत गाडी गंजण्यापासून कशी वाचवायची यावर जे वाचायला-बघायला मिळतं, ते बहुतेक युरोप-अमेरिकेतलं असतं. तिथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते चाकांनी उडून गाडीला लागतं. आपल्याकडे मीठ टाकावं लागत नाही, ते समुद्रावरून आपणच उडत येतं. उपाय मात्र बरेचसे तेच, फक्त त्यांचं वेळापत्रक उलटं: तिकडे जपायचे दिवस डिसेंबर ते मार्च, इथे जून ते ऑक्टोबर. आपली कोरडी थंडी ही दुरुस्तीची वेळ.

पाणी सुटलेलं मीठ

पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच गाडीवर होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वरच असते आणि इतर महिन्यांतही रात्री-पहाटे वर जाते. म्हणजे गाडीवर बसलेला मिठाचा अदृश्य थर पावसाचा एक थेंब न पडताही ओला होतो. साध्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंजणं ही मुळात विजेचीच क्रिया असल्याने ती वेग घेते. शिवाय मिठातला क्लोराइड क्रोम, अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलवरचा नैसर्गिक संरक्षक पापुद्रा फोडतो. म्हणून 'स्टेनलेस आहे, काही होत नाही' हे वरळी सी फेसला चालत नाही.

यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. शेडखाली उभी, पावसात कधी न भिजणारी गाडी काही वेळा उघड्यावरच्या गाडीपेक्षा जास्त गंजलेली असते, कारण उघड्यावरच्या गाडीवरचं मीठ पाऊस धुऊन तरी नेतो. मडगार्डची आतली बाजू, सीटखालची फ्रेम, नंबर प्लेटच्या मागची पट्टी या जागा पावसाने धुतल्या जात नाहीत. गंज तिथेच आधी धरतो.

मरीन ड्राइव्ह, वरळी, कार्टर रोड, वर्सोवा, जुहू इथे राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. पण ठाणे खाडी, वाशीचा पूल, मुलुंड-भांडुपच्या मिठागरांकडचा पूर्व द्रुतगती मार्ग, माहीमचा कॉजवे इथून रोज येणं-जाणं असेल तरी तुम्ही खाऱ्या हवेतलेच. वर्सोवा-मढ बोटीतून किंवा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोमधून गाडी नेली, तर उतरल्यावर त्याच दिवशी ती गोड्या पाण्याने धुवायची. ससून डॉकच्या आसपास मासळीच्या टेम्पोतून गळणारं पाणीही खारंच असतं. आणि अलिबागला किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत गाडी पळवून फोटो काढण्याचा मोह आवरलाच तर सगळ्यात उत्तम. ती वाळू ब्रेकच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, आणि चेनमध्ये महिनोन्‌महिने राहते.

सामान

दोन बादल्या, दोन मऊ मायक्रोफायबर फडकी, जुन्या बनियनच्या चिंध्या, एक जुना टूथब्रश, एक लांब दांड्याचा मऊ ब्रश. गाडी धुण्याचा शॅम्पू. चेनसाठी चेन क्लीनर आणि चेन ल्यूब (चेनचं वंगण) किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल. मल्टिपर्पज ग्रीसचा लहान डबा, व्हॅसलीन, सिलिकॉन स्प्रे, थोडं कार वॅक्स. बस. एवढं एका खोक्यात मावतं.

भांडी घासायचं लिक्विड आणि कपड्यांची पावडर यात नाही, ती मुद्दाम वगळली आहे. दोन्ही तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेली असतात, त्यामुळे रंगावरचं वॅक्सही ओढून नेतात.

डब्ल्यूडी-४० या स्प्रेबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. ते पाणी हटवायला, अडकलेला बोल्ट सोडवायला उत्तम. पण त्याचा थर पातळ असतो आणि लवकर उडून जातो. चेनचं ल्यूब म्हणून ते वापरू नका, आणि एकदा मारलं की पावसाळाभर बघायला नको असंही समजू नका.

मे महिन्यात करायची तयारी

मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून. ही कामं मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरका, कारण नंतर गॅरेजवाल्याकडे रांग लागते आणि वॅक्स लावायला कोरडी दुपार मिळत नाही.

आधी गाडी स्वच्छ धुऊन दोन तास उन्हात वाळवा. मग सीट काढा. बऱ्याच गाड्यांत बॅटरी तिथेच किंवा बाजूच्या पॅनेलमागे असते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर आधी निगेटिव्ह वायर सोडा, मग पॉझिटिव्ह. ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून टूथब्रशने भुकटी घासा, ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण कोरडं करा. जोडताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. वर व्हॅसलीनचा पातळ हात. व्हॅसलीन आधी लावून वर वायर आवळायची नाही. धातूला धातू नीट टेकला पाहिजे, व्हॅसलीन बाहेरून.

सीटखालची फ्रेम दिसतेच आहे तर वेल्डिंगचे जोड बघा. कारखान्यातला रंग सर्वांत पातळ तिथेच असतो. फ्रेमच्या नळ्यांना आणि मेन स्टँडच्या पट्ट्यांना खालच्या बाजूला लहान भोकं असतात, आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून. चिखलाने ती बुजतात आणि नळी आतून गंजायला लागते, जे बाहेरून कधीच दिसत नाही. बारीक तारेने ती मोकळी करा.

मग ग्रीस. साइड स्टँड आणि मेन स्टँडचे पिव्होट (ते ज्यावर फिरतात ते सांधे), ब्रेक पेडल, फुटरेस्टच्या पिना, क्लच आणि ब्रेक लिव्हरचे स्क्रू. वाटाण्याएवढं पुरे. जास्त लावलं की त्यावर धूळ बसून तिचाच लगदा होतो. क्लच केबलच्या वरच्या टोकातून इंजिन ऑइलचे पाच-सहा थेंब सोडा, पण मॅन्युअलमध्ये केबलला तेल नको असं लिहिलं असेल तर ते ऐका. काही केबलना आत प्लॅस्टिकचं अस्तर असतं.

रंगावर, टाकीवर, अलॉय व्हीलवर वॅक्स लावा. कापडाने पातळ पसरवा, दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसा. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर, डिस्कवर, सीटवर आणि फुटरेस्टच्या रबरावर वॅक्स जाऊ देऊ नका. स्पोकची चाकं असतील तर स्पोक आणि त्याला रिमशी आवळणाऱ्या निपलच्या जोडावर तेलाचा हात लावलेली चिंधी फिरवा. रिमच्या आतल्या बाजूला तेल जायला नको.

टाकीवर रेग्झिनचं कव्हर असेल तर ते पावसाळ्याआधी काढून ठेवा. खरवडू नये म्हणून आपण ते घालतो, पण त्याखाली पाणी अडकतं आणि ऑक्टोबरमध्ये कव्हर उघडलं की टाकीच्या कडेला रंगाचे फोड दिसतात.

आता 'डिझेल मारणं'. बऱ्याच वॉशिंग सेंटरवर गाडी धुतल्यावर खालून डिझेल, नाहीतर डिझेल आणि जुन्या इंजिन ऑइलचं मिश्रण स्प्रे करून देतात. गाडी दोन दिवस चकाकते. मिश्रण रबराचे बुश आणि होज फुगवतं, चिखल चिकटवून ठेवतं, आणि एखादा फवारा डिस्कवर किंवा टायरवर गेला तर पहिल्याच वळणावर महागात पडतं. पैसे घेऊन करत असतील तरी आणि फुकट करत असतील तरी, नको म्हणा.

आठवड्याचं धुणं, आणि कुठलं पाणी

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा. समुद्राला लागून राहत असाल तर दोनदा, त्यातलं एक नुसत्या पाण्याचं चालेल.

आधी पाणी बघा. महापालिकेचं भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी गोडं आहे, त्याची चिंता नाही. पण अनेक सोसायट्यांत वापरायच्या नळाला बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असतं आणि किनाऱ्यालगत ते बऱ्याचदा मचूळ असतं. तपासायला सोपं: गाडीच्या आरशाच्या काळ्या पाठीवर थोडं पाणी शिंपडा आणि न पुसता वाळू द्या. वाळल्यावर पांढरी कडा असलेले ठिपके उरले तर त्या पाण्यात क्षार भरपूर आहेत. मग धुणं त्याने केलं तरी शेवटची बादली पिण्याच्या पाण्याची घ्या. दहा लिटर पुरतात.

दुसरी गोष्ट, सकाळी सोसायटीत गाड्या पुसणारा मुलगा. एका बादलीत तो दहा गाड्या पुसतो. पाचव्या गाडीनंतर ते पाणी म्हणजे रेती आणि मीठ. त्याच्यावर राग काढू नका, महिन्याच्या पैशात तेवढंच होतं. त्याला स्वतःची बादली आणि फडकं द्या, आणि ओल्या फडक्याऐवजी कोरडं फिरव असंही सांगू नका. वाळलेल्या धुळीवर कोरडं फडकं म्हणजे पॉलिश पेपरच.

क्रम असा:

१. इंजिन आणि सायलेन्सर हाताला सोसेल इतके थंड होऊ द्या. गरम सायलेन्सरवर थंड पाणी ओतलं की चिखलाचे डाग भाजून बसतात.

२. आधी नुसतं पाणी, भरपूर, खालून वर. मडगार्डच्या आत, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या वरच्या पाठीवर, इंजिनच्या खाली, साइड स्टँडच्या मागे. चिखल घासायचा नाही, भिजवून सोडवायचा.

३. एका बादलीत दहा लिटर पाण्याला शॅम्पूची दोन झाकणं, म्हणजे साधारण १५ मिली. दुसऱ्या बादलीत साधं पाणी, फडकं दर वेळी तिच्यात खंगाळून मगच शॅम्पूत बुडवायचं. वरचा भाग आधी, चाकं आणि इंजिन शेवटी, त्यांना वेगळं फडकं.

४. शॅम्पू वाळायच्या आत साध्या पाण्याने धुवा.

५. पुसा. बहुतेक लोक इथे सोडून देतात, आणि नुकसान नेमकं इथे होतं. धुऊन तशीच ओली लावलेली गाडी दमट हवेत सकाळपर्यंत ओलीच राहते. आधी मोठ्या फडक्याने पुसा, मग चिंधीची टोकं बोल्टच्या खोबणीत, स्पोकच्या मुळाशी, फोर्कच्या डस्ट सीलभोवती घाला.

६. पंधरा-वीस मिनिटं चालवून या. इंजिनच्या उष्णतेने उरलेलं पाणी उडतं आणि ब्रेक कोरडे होतात.

प्रेशर वॉशर वापरत असाल तर नोझल दोन फूट लांब ठेवा. चाकाच्या हबवर, स्टीअरिंगच्या डोक्यावर, चेनवर, सायलेन्सरच्या तोंडात आणि हँडलवरच्या स्विचवर थेट झोत मारायचा नाही. तिथली सील पाऊस अडवायला बनवलेली असतात, तो झोत अडवायला नाही. आत ढकललेलं पाणी बेअरिंगमधलं ग्रीस दुधाळ करतं, आणि बेअरिंग वाजायला लागेपर्यंत काही कळत नाही.

चेन

गाडीतला सर्वांत उघडा, सर्वांत घर्षणाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. कम्यूटर गाड्यांना पूर्ण बंद चेन कव्हर असतं, त्यामुळे चेन दिसत नाही आणि लोक विसरतात. कव्हरवर तपासायला रबरी बूच असतं, ते काढून बघा.

आधी चेन कुठली ते ओळखा. ओ-रिंग चेनच्या कड्यांच्या मध्ये बारीक काळे रबराचे कडे दिसतात. आतलं ग्रीस त्या रबराने बंद केलेलं असतं, तेच चेनचं आयुष्य. म्हणून ती पेट्रोलने, थिनरने धुवायची नाही आणि तारेच्या ब्रशने घासायची नाही. रबर फुगलं किंवा फाटलं की आतलं ग्रीस निघून जातं, पाणी शिरतं, आणि बाहेरून चकचकीत दिसणारी चेन आतून संपते. साध्या चेनला रबर नसतं. तिला तेल जास्त वेळा लागतं, नखरे कमी.

कोरड्या दिवसांत दर ५०० किलोमीटरला ल्यूब, पावसाळ्यात ३०० किलोमीटरला किंवा जोरदार पावसात लांबचा प्रवास झाला की त्या रात्री. रोज अंधेरी ते बीकेसी करणाऱ्याला हे दोन-अडीच आठवड्यांनी येतं.

गाडी मेन स्टँडवर, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, किल्ली खिशात. चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू ठेवून पहिल्या गिअरवर चाक फिरवत चेन पुसणारे मेकॅनिक तुम्ही बघितले असतील. चिंधी स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चाकात, ओढली जाते आणि तिच्यामागून बोट जातं. घाई कितीही असो, हे नको.

चेनखाली जुनं वर्तमानपत्र आणि मागच्या टायरवर फडकं टाका. पूर्वी हे काम रॉकेलने व्हायचं, आता ते सहज मिळत नाही. चेन क्लीनर मारा, किंवा साधी चेन असेल तर थोडं डिझेल ब्रशला लावा, आणि चारही बाजू घासा. काळा लगदा निघेपर्यंत पुसत राहा आणि पंधरा मिनिटं वाळू द्या. ओल्या चेनवर ल्यूब मारलं तर पाणी आत कोंडतं.

ल्यूब चेनच्या आतल्या बाजूला, म्हणजे खालच्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला लावायचं. चाक फिरलं की ते आपोआप बाहेर पसरतं. गिअर ऑइल असेल तर १० ते १५ मिली, औषधाच्या सिरिंजने दर कड्यावर एक थेंब. रात्रभर राहू द्या, सकाळी कोरड्या चिंधीने जास्तीचं पुसून काढा. हे पुसणं टाळलं तर ते तेल रिमवर आणि टायरच्या बाजूला उडतं.

मग चेनचा ढिलेपणा. खालच्या पट्ट्याच्या मध्यावर बोटाने वर-खाली हलवून बघा. बहुतेक लहान गाड्यांना २५ ते ३० मिमी लागतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा. एका जागी घट्ट आणि दुसरीकडे ढिली असेल तर काही कडी गंजून आखडली आहेत. ती तेलाने थोडी मोकळी होतात, पण अशी चेन फार दिवस काढत नाही. चेन बदलायची वेळ आली की पुढचं-मागचं स्प्रॉकेटही बरोबर बदला.

फोर्क, ब्रेक, टाकी, सायलेन्सर

पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडला की सस्पेन्शन दर वेळी खाली जाताना त्याची धार ऑइल सील कापते. मग तेल गळतं, आणि गळतं ते थेट पुढच्या डिस्कच्या दिशेने. प्रत्येक भिजलेल्या दिवसानंतर ती नळी नुसती पुसली, आठवड्याला चिंधीवर थोडा सिलिकॉन स्प्रे घेऊन फिरवली, तर हे सगळं टळतं. स्प्रे चिंधीवर मारायचा, गाडीवर नाही, कारण डिस्क शेजारीच आहे. हेडलाइटला किंवा हँडलला लिंबू-मिरची बांधत असाल तर ती नळीला आणि क्रोमला घासणार नाही अशी बांधा आणि आठवड्याने बदला. चिरलेल्या लिंबाचं ॲसिड आणि दमट हवा मिळून क्रोमवर जो ओघळ पाडतात तो पॉलिशने जात नाही.

सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसला तर घाबरू नका. दोन-तीनदा ब्रेक दाबला की तो जातो. काळजी करायची ती कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनची. त्या गंजून आखडल्या की एकच पॅड झिजतो आणि ब्रेक घासत राहतो. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचलून फिरवा, अडखळत असेल तर पिना काढून साफ करून ब्रेकचं खास ग्रीस लावून घ्या. हे मेकॅनिककडूनच. साधं ग्रीस तिथलं रबर फुगवतं.

पेट्रोल टाकीच्या झाकणाभोवतीच्या खोलगट भागात एक बारीक भोक असतं, तिथे पडलेलं पावसाचं पाणी नळीवाटे खाली जातं. ते बुजलं की पाणी झाकणाच्या कडेने टाकीत उतरतं. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे, त्यातलं इथेनॉल पाणी धरून ठेवतं, पण मर्यादेपर्यंतच. त्यापलीकडे इथेनॉल आणि पाणी मिळून खाली वेगळा थर बसतो आणि टाकी तळातून गंजते. भोक तपासायला टाकीच्या तोंडात कोरडं फडकं नीट कोंबा, सिरिंजने भोकात दोन-तीन मिली पाणी सोडा आणि गाडीखाली थेंब पडतात का बघा. पडले नाहीत तर बारीक, टोक नसलेल्या वायरने हळूच मोकळं करा.

सायलेन्सर बाहेरून गंजतो असं आपल्याला वाटतं, पण आतून जास्त. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. लांब चालवली तर ती वाफ बाहेर पडते. घरापासून स्टेशनपर्यंतच्या पाच मिनिटांत सायलेन्सर तापतच नाही, वाफ आतच थंड होऊन साचते. आठवड्यातून एकदा तरी सलग वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवा. काही सायलेन्सरना तळाशी थेंब पडण्यासाठी भोक असतं. तिथून पाणी टपकतंय म्हणून कोणी ते एम-सीलने बुजवतात. तसं करू नका.

तुंबलेल्या पाण्यातून गेल्यावर

हिंदमाता, मिलन सबवे, किंग्ज सर्कल. नावं सगळ्यांना पाठ आहेत. पाऊस जोरात आणि त्याच वेळी साडेचार मीटरच्या वरची भरती असेल तर पाण्याला निघायला जागा नसते. भरतीच्या दिवसांची यादी महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते, ती फोनमध्ये ठेवा.

पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं असेल तर घरी पोहोचल्यावर त्याच रात्री गोड्या पाण्याने खालचा भाग धुवा. त्या पाण्यात गटार आहे, आणि खाडीजवळ समुद्रही. ब्रेक हलके दाबत थोडं चालवून वाळवा. ड्रम ब्रेक असतील तर पहिला किलोमीटर ब्रेक लागणारच नाही असं समजून चालवा. चेनला त्याच रात्री तेल.

गाडी पाण्यात बंद पडली किंवा पार्किंगमध्येच बुडाली असेल तर सेल्फ मारू नका, किक मारू नका. पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि ढकलत किंवा टेम्पोतून गॅरेजला न्या. तिथे ऑइलची काच किंवा डिपस्टिक बघा. ऑइल कटिंग चहाच्या रंगाचं झालं असेल तर त्यात पाणी आहे. ते सगळं काढून नवीन ऑइल आणि फिल्टर, थोडं चालवून पुन्हा एकदा ऑइल बदल. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, टाकीतलं पेट्रोलही बघायला सांगा. हे दोन दिवसांत करायचं. आठवडाभर तशीच ठेवली तर सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरतो.

दसऱ्यानंतर: गंज काढणं आणि रंग

मुंबईतून पाऊस सरासरी ८ ऑक्टोबरला जातो आणि दसरा त्याच्या आगेमागे येतो. गाडी धुतली जाणारच असते, तर त्या दिवशी सीट आणि बाजूची पॅनेल काढून नीट बघा. पूजा झाल्यावर नारळाचं पाणी, हळद-कुंकू आणि झेंडूचा ओला हार संध्याकाळपर्यंत टाकीवर ठेवू नका.

गंज तीन प्रकारचा दिसेल. नुसती नारिंगी पूड असेल तर तेलाच्या चिंधीने जाते. क्रोमवरची असेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते, ओरखडे पडत नाहीत. नंतर वॅक्स.

रंग फुगून खाली पापुद्रे सुटले असतील तर रंगकाम. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमकता धातू दिसेपर्यंत घासा, आणि गंजाच्या कडेपलीकडे एक सेंटिमीटर चांगला रंगही. मग ४०० नंबरने कडा उतरत्या करा. थिनरच्या चिंधीने पुसा आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका, घामातही मीठच असतं. रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमरचा पातळ हात, तो वाळल्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. सायलेन्सरला साधा काळा रंग लावू नका, पहिल्या दिवशी जळतो. ६०० अंश सोसणारा हीट रेझिस्टंट रंगच घ्या.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी अकरा ते दुपारी चारच्या मध्ये करा. दमट हवेत रंग वाळताना त्यावर बाष्प धरतं आणि पांढुरकी छटा येते. जुलैमध्ये घाईने मारलेला टच-अप बहुतेक वेळा पुढच्या जुलैपर्यंत सुटलेला असतो, कारण गंजाबरोबर ओलही आत बंद झालेली असते.

तिसरा प्रकार: स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबल्यावर आत जाणारा. मडगार्डवर किंवा स्टँडवर असेल तर तो भाग बदला. मुख्य फ्रेमवर, स्विंगआर्मच्या जोडावर असेल तर पुट्टी भरून रंग मारून चालवू नका. गाडी थांबवा आणि जाणकाराला दाखवा.

गंजलेले नट-बोल्ट बदलताना सगळे स्टेनलेसचे घ्यायची टूम आहे. इंजिनच्या ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस बोल्ट ओलाव्यात उलट जास्त आखडतो, आणि झिजतं ते ॲल्युमिनियम, म्हणजे महागडी बाजू. घालायचेच तर आट्यांना अँटी-सीझ (आटे आखडू न देणारी पेस्ट) लावा आणि नेहमीपेक्षा थोडं कमी आवळा, तेलकट आट्यांवर तेवढ्याच जोराने बोल्ट जास्त ताणला जातो.

गणपतीला गावी जाताना

दहा-बारा दिवस गाडी उभी राहणार, आणि नेमकी भर दमटात. निघायच्या आदल्या दिवशी धुवा, चालवून वाळवा, चेनला तेल, फोर्कवर सिलिकॉनची चिंधी. टाकी जवळजवळ भरून ठेवा, म्हणजे आत ओल्या हवेला जागा राहत नाही. मेन स्टँडवर लावा. गाडी पूर्ण कोरडी असेल तरच कव्हर घाला, आणि ते जमिनीपासून वीतभर वर ठेवून खालून हवा खेळू द्या. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घट्ट बांधणं म्हणजे तिला वाफेवर ठेवणं. समुद्राजवळ असाल आणि आडोसा असेल तर जुनी सुती चादर बरी.

परत आल्यावर लगेच कामावर पळू नका. कव्हर काढा, टायरची हवा बघा, क्लच चार-पाचदा दाबा, गाडी ढकलून ब्रेक सुटतात का पाहा. ड्रम ब्रेकचे शूज दमटपणाने ड्रमला चिकटतात. चाक हललं नाही तर गिअरमध्ये टाकून जोर देऊ नका, पुढे-मागे हलवून सोडवा. मग बिल्डिंगच्या आवारातच दोन फेऱ्या मारून दोन्ही ब्रेक तपासा, आणि नंतर गेटबाहेर काढा.